मुंबईचे आद्य चरित्रकार : कै. गोविंद नारायण माडगावकर

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका चाळून पाहिल्या असता त्यांत पूर्वजांची जी चरित्रे आढळतात, ती बहुधा देणगीदारांची, न्यायाधीशांची, नामांकित वैद्यांची अथवा पेढीवाल्यांची असतात. ते योग्यच आहे. ज्यांच्या दातृत्वावर वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या, त्यांचे स्मरण प्रतिवर्षी झालेच पाहिजे. परंतु ज्याने मागे इमारत ठेवली नाही, निधी ठेवला नाही, ज्याच्या नावाची संगमरवरी पाटी कोणत्याही सभागृहात बसविलेली नाही, अशा एका शाळामास्तरांचे चरित्र यंदा सभासद-कुटुंबांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकामुळे आपण ज्या शहरात राहतो, किंवा ज्या शहरात आपले आजे-पणजे पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झाले, ते शहर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कसे होते, हे आज सांगता येते. पुस्तकाचे नाव 'मुंबईचे वर्णन', प्रसिद्धीचे वर्ष १८६३, आणि लेखक कै. गोविंद नारायण माडगावकर.

गोविंद नारायण यांचा जन्म इ. स. १८१५ मध्ये गोव्यातील मडगाव येथे एका शेणवी कुटुंबात झाला. आडनावातच गावाचे नाव आहे. त्या काळचे गोवे पोर्तुगीज अमलाखाली होते आणि त्या राज्याचे वैभव केव्हाच ओसरले होते. जमिनी होत्या, देवस्थाने होती, विद्येची परंपराही होती. परंतु होतकरू मुलाला पुढे काय, या प्रश्नाला मडगावात समाधानकारक उत्तर नव्हते. उत्तरेकडे मात्र मोठा पालट होत होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पश्चिम हिंदुस्थानचा सारा कारभार मुंबई बेटावरून चालू लागला. कचेऱ्या वाढल्या, पेढ्या वाढल्या, आणि हिशेब ठेवणारा, पत्र लिहिणारा, दोन-तीन भाषा जाणणारा मनुष्य हवासा झाला. गोव्यातील सारस्वतांना देवनागरी लेखन, हिशेब आणि परकीय अंमलदारांशी व्यवहार या तिन्ही गोष्टी पिढ्यान् पिढ्या अवगत असल्यामुळे त्यांची पावले मुंबईकडे वळली. गलबताने येऊन बंदरावर उतरावे, नात्यातल्या कोणाच्या तरी बिऱ्हाडी राहावे आणि चाकरी मिळेतो वार लावून जेवावे, हा क्रम आपल्यापैकी किती तरी घराण्यांच्या इतिहासाचे पहिले पान आहे. माडगावकरही लहानपणीच मुंबईस आले.

त्यांच्या पिढीकडे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. बाळशास्त्री जांभेकर १८१२ चे, दादोबा पांडुरंग १८१४ चे, माडगावकर १८१५ चे, आणि आपल्याच ज्ञातीतील डॉ. भाऊ दाजी लाड १८२२ चे, तेही गोव्यातील मांद्रे गावाहून आलेले. एलफिन्स्टनसाहेब मुंबईचे गव्हर्नर असताना नव्या पद्धतीच्या शाळा निघाल्या, मराठीत गणित-भूगोलाची पुस्तके होऊ लागली आणि या मुलांच्या हाती ती प्रथमच पडली. पाठांतर करून मोठी झालेली मागची पिढी आणि नकाशा समोर धरून प्रश्न विचारणारी ही पिढी यांत केवळ वीस-पंचवीस वर्षांचेच अंतर होते. पण ते अंतर फार मोठे होते. बाळशास्त्री १८४६ मध्ये अकाली निवर्तले. भाऊ दाजींनी वैद्यकात आणि प्राचीन शिलालेखांच्या संशोधनात कीर्ती मिळविली. माडगावकरांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि तोच अखेरपर्यंत चालविला.

त्यांची शाळा स्कॉटिश मिशनऱ्यांची होती. आज हे वाचताना काही विशेष वाटणार नाही, परंतु त्या काळी अशा शाळेत शिकणे आणि शिकविणे ही साधी गोष्ट नव्हती. १८३९ मध्ये मिशनच्या शाळेतील पारशी मुलांच्या धर्मांतराने मुंबईत मोठा क्षोभ माजला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईची ब्राह्मण मंडळी दुभंगली. अशा वातावरणात मिशनच्या शाळेतील हिंदू शिक्षकाकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाई. माडगावकरांनी नोकरी सोडली नाही आणि धर्मही सोडला नाही. शाळेतील साहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा आणि त्यांच्या टिपणे करण्याच्या शिस्तीचा लाभ त्यांनी घेतला. घरी मात्र ते होते तसेच राहिले. याविषयी त्यांनी गाजावाजा केलेला दिसत नाही. आपल्या समाजातील चरित्रलेखकही या भागावरून बहुधा घाईने पुढे जातात, परंतु मला तो त्यांच्या स्वभावाची खरी ओळख करून देणारा वाटतो.

१८४८ मध्ये मुंबईत ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्या अग्रभागी होते. सभेत निबंध वाचावयाचे, त्यावर चर्चा करावयाची आणि पुढे ते छापावयाचे, अशी पद्धत होती. माडगावकरांचे बरेचसे लेखन याच निबंधवाचनातून आले. 'शुचिर्भूतपणा', 'ऋणनिषेधक बोध', 'सत्यनिरूपण' ही नावेच त्यांचा रोख सांगतात. वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांविषयीचे त्यांचे पुस्तक १८५६ मध्ये निघाले. स्वच्छता, कर्ज, खरेपणा, झाडपाला हे विषय वरवर परस्परांशी असंबद्ध दिसतात. त्यांना जोडणारा धागा असा की, प्रत्येकात घरातील आणि रस्त्यावरील नित्याच्या गोष्टीकडे पाहून तिची कारणे शोधलेली आहेत. विवाहात ऋण काढून खर्च करू नये हा उपदेश आपल्या संस्थांच्या वार्षिक सभांतून आजही ऐकू येतो आणि सभा संपल्यावर विसरलाही जातो. तो माडगावकरांच्या काळीही नवा नव्हता. त्यांनी तो लेखी मांडला इतकेच.

ही पूर्वतयारी ध्यानात घेतली म्हणजे 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ अकस्मात उपजलेला नाही, हे कळून येते. ज्या माणसाने कित्येक वर्षे शहरातील चालीरीती, आरोग्य आणि व्यवहार यांवर निबंध लिहिले, त्याच्या मनात अखेर ते शहरच लेखनाचा विषय म्हणून उभे राहावे, हे स्वाभाविक होते. मुंबईवर स्वतंत्रपणे लिहिलेला पहिला विस्तृत ग्रंथ म्हणून अभ्यासक या पुस्तकाकडे बोट दाखवितात. इंग्रज प्रवाशांनी मुंबईविषयी पुष्कळ लिहून ठेवले होते. परंतु ते गोदीवर उतरून, गव्हर्नराच्या बंगल्यात जेवून, मलबार टेकडीवरून समुद्र पाहून लिहिलेले होते. डॉ. गर्सन द कुन्हा यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० सालचा, एडवर्ड्‌ससाहेबांचा १९०२ चा. माडगावकरांचा मराठी ग्रंथ त्यांच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षांचा आहे. गिरगावच्या वाडीतून, भुलेश्वराच्या गर्दीतून आणि कोटाच्या दरवाजांतून रोज येजा करणाऱ्या माणसाने तो लिहिला आहे.

१८६३ च्या सुमारास मुंबई कशी होती, याचे थोडे विवेचन येथे आवश्यक आहे. कारण ग्रंथाचे मोल त्या मुहूर्तात आहे. कोट, म्हणजे इंग्रजांनी बांधलेला किल्ला, हा शंभर-सव्वाशे वर्षे मुंबईचे हृदय होता. त्याला अपोलो दरवाजा, चर्चगेट आणि बाजारगेट असे तीन दरवाजे होते. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटात भयंकर आग लागली आणि त्यानंतर बाहेरच्या वस्तीला जोर आला. मांडवी, भुलेश्वर, गिरगाव हे भाग दाट होत गेले. सात बेटांमधील खाड्या एकेक करून बुजत आल्या होत्या. महालक्ष्मी आणि वरळी यांमधील बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला, कुलाब्याचा रस्ता १८३८ मध्ये आणि माहीमचा बांध १८४५ मध्ये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. १८५७ मध्ये विश्वविद्यालय स्थापन झाले. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरास मिळू लागले. १८६३ मध्येच बोरघाट चढून आगगाडी पुण्याकडे जाऊ लागली. आणि १८६२ पासून कोटाचे तट पाडण्यास आरंभ झाला.

याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस बंद पडल्यामुळे इंग्लंडातील गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडू लागला होता. नव्या कंपन्या, शेअरांचे सौदे, समुद्र भरून जमीन काढण्याच्या योजना यांनी व्यापारी मंडळी भारून गेली होती. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या, आणि १८७२ च्या गणतीत वस्ती ६,४४,४०५ वर आली. माडगावकरांनी मुंबई टिपली ती या लाटेच्या माथ्यावर असताना, जुने तट अर्धेमुर्धे उभे आणि नवे रस्ते अर्धेमुर्धे आखलेले असताना. दहा वर्षे आधी लिहिले असते तर रेल्वे आणि गिरण्या ग्रंथात आल्या नसत्या. दहा वर्षांनी लिहिले असते तर कोट डोळ्यांनी पाहिलेला न राहता आठवणीतला झाला असता.

ग्रंथात काय नाही ते सांगणेच सोपे. कोट आणि त्यातील इमारती, देवळे, मशिदी, अग्यारी, तळी, बाजार, बंदरे, टांकसाळ, आगगाडी, तारायंत्र, गिरण्या, इस्पितळे, शाळा, छापखाने, वर्तमानपत्रे, न्यायकोर्टे, सण आणि जत्रा, निरनिराळ्या जाती आणि त्यांचे पोशाख, असा हा पसारा आहे. इमारत केव्हा झाली, कोणी बांधिली, किती खर्च आला, हे जेथे मिळाले तेथे त्यांनी नमूद केले आहे. शिक्षकाची सवय पानोपानी दिसते. वाचक परगावचा आहे, त्याने मुंबई पाहिलेली नाही, त्याला हाताला धरून नेले पाहिजे, या भावनेने वाक्ये लिहिली आहेत. मधूनच उपदेश येतो, मधूनच कौतुक येते, आणि मग पुन्हा आकडे सुरू होतात. आजच्या काटेकोर अभ्यासकाला ही सरमिसळ खटकेल. मला ती खटकत नाही, कारण शहर तसेच असते.

या ठिकाणी ग्रंथाच्या उणिवांचाही उल्लेख केला पाहिजे. मृताविषयी केवळ स्तुती लिहिणे हे स्मरणिकांचे नेहमीचे वैगुण्य आहे. इंग्रजी राज्याविषयी माडगावकरांचा आदर आज आपणांस अति वाटतो. १८५७ चा उठाव होऊन सहाच वर्षे झाली होती आणि ग्रंथ वाचताना ती छाया फारशी जाणवत नाही. त्यांच्या पिढीला शाळा, छापखाना, रस्ते आणि कायदा यांचा इंग्रजांशी एकत्र परिचय झाला. त्यामुळे या वस्तूंचे श्रेय आणि त्या आणणाऱ्यांचा हेतू यांत त्यांनी फरक केला नाही. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूविषयी लिहिताना त्यांची लेखणी विश्वसनीय राहते, आणि पुढील सर्व संशोधकांनी त्यांचा आधार घेतला आहे तो त्यासाठीच.

नगराच्या इतिहासाचा आजच्या नगरजीवनाशी काय संबंध, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. उदाहरणासाठी पाण्याचाच विषय घ्यावा. माडगावकरांच्या मुंबईत ठिकठिकाणी तळी आणि विहिरी होत्या : धोबीतलाव, कावसजी पटेल तलाव, मुंबादेवीचा तलाव, गोवालिया तलाव, बाभुळा तलाव. यांतील कित्येक दानशूर गृहस्थांनी बांधिली होती. कावसजी पटेलांचे तळे अठराव्या शतकातले. विहारचे पाणी आल्यावर त्यांचे महत्त्व घटले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांचा बंदोबस्त म्हणून पुष्कळ विहिरी-तळी बुजविण्यात आली. आज 'सी. पी. टँक' म्हणून बसमधून उतरणाऱ्याला तेथे पाण्याचा थेंब दिसत नाही. गोवालिया तलाव बुजून जे मैदान झाले, तेथेच १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांना चले जाव असे सांगणारी काँग्रेसची बैठक भरली आणि ते ऑगस्ट क्रांती मैदान झाले. वाळकेश्वरची बाणगंगा मात्र अद्याप भरलेली आहे.

नावे राहिली, वस्तू गेली. पण पाणी आपली जागा विसरत नाही. पायधुणी या नावातच ओहोटीच्या वेळी खाडीचा चिखल तुडवून आलेला वाटसरू पाय धुतो आहे. उमरखाडी म्हणजे खाडीच. महालक्ष्मीजवळचे खिंडार बांधाने बुजण्यापूर्वी भरतीचे पाणी आतवर शिरत असे, आणि बांध झाल्यावर जी सखल जमीन मिळाली तिच्यावर भायखळा-कामाठीपुऱ्याकडची वस्ती वाढली. कामाठीपुऱ्यास नाव मिळाले ते बांधकामासाठी तेलंगणाकडून आलेल्या कामाठी मजुरांवरून. विहार तलाव मिठी नदीच्या उगमाकडे बांधला गेला. ती नदी पुढे शंभर-दीडशे वर्षांत लोकांच्या दृष्टीने नाला होऊन बसली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिला आपण नदी असल्याचे स्मरण झाले आणि कुर्ला-कलिना भागातील हजारो घरांना ते कळले. जुना नकाशा ज्याने पाहिला आहे, त्याला सखल भाग कोणता हे विचारावे लागत नाही. घर घेताना आपण सातबारा, भोगवटा पत्र आणि बँकेचे व्याज पाहतो. या जागी पूर्वी शेत होते की खाजण होते, हे विचारणारा विरळा.

स्थलनामांच्या बाबतीतही तसेच. गिरगावातील खेतवाडी, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी ही नावे तेथील बागाईत आणि गोठे सांगतात. 'वाडी' या शब्दाला मुंबईच्या इंग्रजी दप्तरात 'ओर्ट' म्हणत. तो शब्द बागेसाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला. म्हणजे मराठी माणसाची वाडी, पोर्तुगीजाचे नाव आणि इंग्रजाचा सारा, असे तीन थर एका गल्लीत सापडतात. चर्चगेट स्थानकावर रोज लक्षावधी माणसे उतरतात. दरवाजा १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला आणि त्याच्या जागेजवळ १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. दरवाजाचे नाव ज्या चर्चवरून पडले ते सेंट थॉमसचे देऊळ १७१८ मध्ये उपासनेसाठी उघडले.

या देवळाच्या निमित्ताने आपल्या ज्ञातीच्या इतिहासातील एक दुखरी जागा आठवते, तीही येथे सांगितली पाहिजे. १७१८ च्या नाताळात जेव्हा ते चर्च उघडले, तेव्हा समारंभास रामा कामती हा शेणवी पुढारी आपल्या मंडळींसह उपस्थित होता. रामा कामती मोठा व्यापारी होता आणि इंग्रजांच्या देशी पलटणीचा नायकही होता. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ च्या सुमारास त्याने पुन्हा बांधविले. दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजी आंगऱ्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून गव्हर्नर बून याच्या अमदानीत त्याच्यावर खटला झाला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. ज्या पत्रांवर त्याला दोषी ठरविले ती बनावट होती, हे पुढे कागदपत्रांवरून संशोधकांनी दाखविले. आयुष्यभर फितूर ठरलेल्या माणसाचे नाव निर्मळ झाले ते दप्तरांत कागद शिल्लक होते म्हणून. कागद जळाले असते, तर वाळकेश्वरास जाणाऱ्या भाविकाला देऊळ कोणी बांधिले हे सांगताना आपणास आवाज खाली आणावा लागला असता.

माडगावकरांचे निधन १८६५ मध्ये झाले, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी. त्याच वर्षी शेअरबाजार बुडाला, त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्यांनी वर्णिलेली मुंबई त्यांच्याबरोबरच संपली म्हटले तरी चालेल. भाऊ दाजींच्या परिश्रमाने भायखळ्यास ज्या वस्तुसंग्रहालयाचा पाया १८६२ मध्ये घातला गेला, ते १८७२ मध्ये लोकांस खुले झाले आणि १९७५ मध्ये त्यास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. माडगावकरांच्या वाट्याला तसे काही आले नाही. १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' निघाला, त्यामुळे मराठी वाचकाची गरज काही अंशी भागली, आणि जुना ग्रंथ हळूहळू दुर्मीळ झाला. जवळजवळ एक शतक तो मोजक्या ग्रंथालयांच्या कपाटांत पडून होता.

१९६१ मध्ये न. र. फाटक यांच्या संपादनाखाली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. गोव्याचेच सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी माडगावकरांचे इतर विखुरलेले लेखन संकलित करून संपादिले. हे काम किती चिकाटीचे असते याची कल्पना ज्याने शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाची पिवळी पाने उलटली आहेत त्यालाच यावी. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मुरली रंगनाथन यांनी 'मुंबईचे वर्णन' इंग्रजीत आणले. तेव्हापासून देशोदेशीचे नगरेतिहासाचे अभ्यासक मडगावच्या या शिक्षकाचा दाखला देऊ लागले. मूळ मराठीत असलेले पुस्तक इंग्रजीत गेल्यावर आपल्या घरच्या मुलांस त्याचे नाव कळावे, याची थोडी खंत वाटते, तशीच कृतज्ञताही वाटते.

२०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ होती. इतक्या अफाट नगरीचे वर्णन एका माणसाने करावे, हे आता शक्य नाही. ते तुकड्यातुकड्यानेच व्हावयाचे, आणि ते तुकडे घराघरांत आहेत. गिरगाव, ठाकुरद्वार, गावदेवी, दादर या भागांतील जुन्या चाळी आणि वाड्या एकामागून एक उतरविल्या जात आहेत. कुटुंबे बोरिवलीस, ठाण्यास, डोंबिवलीस अथवा परदेशी गेली आहेत. बिऱ्हाड हलविताना पहिली टाकली जाते ती जुन्या कागदांची पेटी. त्या पेटीत भाड्याच्या पावत्या असतात, खानावळीच्या मेळाचा हिशेब असतो, लग्नाच्या मुहूर्तपत्रिका असतात, गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही असते, कोणा आजोबांनी गावी पाठविलेल्या मनीऑर्डरीच्या पावत्या असतात. खोलीचे भाडे कोणत्या साली किती होते, एका खोलीत किती माणसे निजत, गावाकडून आलेल्या मुलास किती महिने फुकट ठेवून घेत, आजी कोणत्या विहिरीचे पाणी भरी, या गोष्टी सरकारी दप्तरात सापडत नाहीत. माडगावकर आज असते तर त्यांनी प्रथम या पेट्या मागितल्या असत्या.

ज्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी निदान एकदा उघडून पाहावेत. त्यावरील साल, ठिकाण आणि माणसांची नावे एका वहीत उतरून ठेवावीत. आणि घरात ऐंशी-नव्वदीची जी माणसे आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांच्या चाळीचा नकाशा काढून घ्यावा. कोणत्या खोलीत कोण राहत होते, नळ कोठे होता, जिना किती पायऱ्यांचा होता, हे त्यांना स्पष्ट आठवते. अशा वहीला छपाईचा खर्च लागत नाही. आणि मूळ 'मुंबईचे वर्णन' ज्यांनी वाचलेले नाही, त्यांनी १९६१ ची आवृत्ती एखाद्या जुन्या ग्रंथालयातून मागवून आधी आपण राहतो त्या भागासंबंधीची पाने वाचावीत. प्रारंभापासून वाचण्याचा आग्रह धरू नये.